ऐकण्याची जागा : न्यूयॉर्कमधील ‘द किचन’ या कलावकाशाची समीक्षा

प्रस्तावना

कलाकृतीची समीक्षा कशी करावी, याविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथापर्यंत कलाकृतीचा घाट, तिची लय, तिचा आस्वाद आणि तिची स्वायत्तता यांची सखोल चर्चा आपल्याकडे घडली. मात्र कलाकृती ज्या जागेत सादर होते, ती जागा कोण चालवते, कोणाला आत घेते, कोणाला दाराशी थांबवते आणि सादरीकरणानंतर काय जपून ठेवते, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिले. जागेचा विचार व्यवस्थापनाकडे आणि कलाकृतीचा विचार समीक्षेकडे, अशी एक अलिखित वाटणी आपण मान्य केलेली दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रयोगशील कलेच्या संदर्भात ही वाटणी टिकत नाही. वस्तुसंग्रहालय नव्हे आणि चित्रविक्रीचे दालनही नव्हे, अशा एका तिसऱ्या प्रकारच्या जागेत ही कला घडली. चित्रप्रदर्शन, व्याख्यान, नृत्य आणि संगीताची मैफल एकाच छताखाली घडविणाऱ्या अशा जागेसाठी प्रस्तुत लेखात ‘कलावकाश’ ही संज्ञा वापरली आहे. न्यूयॉर्क येथे १९७१ साली सुरू झालेली ‘द किचन’ ही संस्था या प्रकारचे एक ठळक उदाहरण होय. प्रस्तुत विवेचन प्रत्यक्ष उपस्थितीवर नव्हे, तर प्रकाशित ध्वनिमुद्रणे, तत्कालीन वृत्तपत्रीय समीक्षा आणि नंतरचे इतिहासलेखन यांवर आधारलेले आहे. कलावकाशाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

जागेची जडणघडण

संस्थेचे नाव प्रतीकात्मक नाही. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील ब्रॉडवे सेंट्रल या जुन्या हॉटेलच्या इमारतीत ‘मर्सर आर्ट्स सेंटर’ चालत असे. तेथील हॉटेलचे पूर्वीचे स्वयंपाकघर स्टाइना आणि वुडी वसुल्का या दांपत्याला मिळाले. स्टाइना या मूळच्या आइसलंडमधील व्हायोलिनवादक, तर वुडी हे चेकोस्लोव्हाकियातून आलेले, अभियांत्रिकी आणि चित्रपट यांचे शिक्षण घेतलेले कलावंत. व्हिडिओ हे माध्यम तेव्हा अगदी नवे होते. त्याला ना चित्रदालनात स्थान होते, ना चित्रपटगृहात. ज्या माध्यमाला घर नाही, त्याला घर देणे हा या जागेचा मूळ हेतू होता.

१९७३च्या ऑगस्टमध्ये हॉटेलची इमारत कोसळली आणि त्या दुर्घटनेत चौघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी संस्थेने सोहो भागातील वूस्टर आणि ब्रूम या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील इमारतीत आपले बस्तान हलविले. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती चेल्सी भागातील, पूर्वी बर्फाचे कोठार असलेल्या इमारतीत गेली. स्वयंपाकघर, सोहोतील माळा आणि बर्फाचे कोठार या तिन्ही जागा कलेसाठी बांधलेल्या नव्हत्या. उद्योग शहराबाहेर गेल्याने रिकाम्या पडलेल्या वास्तू कलावंतांना त्या काळी परवडत होत्या, हे यामागील आर्थिक वास्तव होय.

दुसरे वास्तव सार्वजनिक अनुदानाचे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या कला परिषदेची वार्षिक तरतूद १९७०च्या सुमारास एका झेपेत सुमारे २३ लाख डॉलरवरून २ कोटी डॉलरच्या घरात गेली. व्हिडिओसारख्या नव्या माध्यमाला या वाढीचा लाभ झाला. प्रयोगशीलता ही केवळ कलावंताच्या मनस्वीपणातून जन्मते, ही समजूत येथे तपासून पाहावी लागते. स्वस्त जागा आणि सार्वजनिक पैसा यांचा मेळ काही वर्षे जुळून आला आणि त्या अवधीत ज्यांच्यापाशी कल्पना होत्या, त्यांना चुकण्याची मुभा मिळाली.

दृश्य आणि ध्वनी : एका छताखालील परिणाम

या जागेचे कलात्मक वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी दोन कृतींचा विचार उपयुक्त ठरेल. पहिली, स्टाइना वसुल्का यांची १९७०च्या दशकात साकारत गेलेली ‘व्हायोलिन पॉवर’ ही व्हिडिओकृती. तिच्यात व्हायोलिनचा ध्वनी विद्युत्‌संदेशात रूपांतरित होऊन पडद्यावरील प्रतिमेला वाकवतो, ताणतो. गज तारेवरून फिरतो तशी वादिकेची प्रतिमा थरथरते. येथे संगीत हे दृश्याला दिलेली साथ नसून दृश्याचे कारण आहे.

दुसरी कृती टोनी कॉनरॅड यांची. ‘टेन इयर्स अलाइव्ह ऑन द इन्फिनिट प्लेन’ ही रचना मार्च १९७२ मध्ये द किचनमध्ये प्रथम सादर झाली. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या चित्रफिती चार प्रक्षेपकांतून शेजारी शेजारी दाखवल्या जातात. दीड तासाच्या अवधीत या चार प्रतिमा अत्यंत संथपणे एकमेकींकडे सरकतात आणि अखेरीस एकमेकींवर येतात. सोबत कॉनरॅड यांचे व्हायोलिन, रीस चॅटम यांचे लांब तारेचे वाद्य आणि लॉरी स्पीगल यांचा खर्जातील ठोका अखंड चालू असतो. कथानक नाही, आरोह-अवरोह नाहीत, उत्कर्षबिंदूही नाही. प्रारंभी प्रेक्षकाला काहीच घडत नसल्यासारखे वाटते. काही वेळाने मात्र पट्ट्यांच्या कडांवर रंगांचा आभास होऊ लागतो आणि स्थिर वाटणाऱ्या सुरातून निरनिराळे उपस्वर वेगळे ऐकू येऊ लागतात. बदल कृतीत घडतो त्याहून अधिक तो पाहणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या इंद्रियांत घडतो.

भारतीय संगीताच्या श्रोत्याला हा अनुभव अपरिचित नाही. उत्तम जवारीच्या तंबोऱ्यातून न छेडलेला ‘स्वयंभू गंधार’ ऐकू येतो, हे आपल्याकडील शिकाऊ गायकालाही ठाऊक असते. हे साम्य योगायोगाचे नाही. किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग, मॅरियन झझीला आणि टेरी रायली यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. प्राणनाथांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ. याच वहीद खाँसाहेबांकडे हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांचे शिक्षण झाले होते. म्हणजे महाराष्ट्राने ज्या आलापीवर जीव ओवाळला, तिचीच एक शाखा न्यूयॉर्कच्या प्रयोगशील संगीतवर्तुळात पोहोचली होती. कॉनरॅड हे १९६०च्या दशकात यंग यांच्या वादकसमूहात होते आणि चॅटम यांनी पुढे यंग यांच्यासमवेत काम केले. तथापि आपण येथे सावध असले पाहिजे. किराण्याच्या गायकीत स्वर हा रागाच्या चौकटीत, बंदिशीच्या आश्रयाने उलगडतो. न्यूयॉर्कमध्ये स्वराचे सातत्य हाच संपूर्ण आशय झाला. तंबोरा पार्श्वभूमीतून अग्रभागी आला आणि गायन मागे गेले. याला भारतीय संगीताचा विजय म्हणणे जितके भाबडेपणाचे, तितकेच त्याला उचलेगिरी म्हणणेही अपुरे ठरेल.

रचनाकार हाच संयोजक

द किचनच्या संगीतविभागाचे संयोजन व्यवसायाने प्रशासक असलेल्यांकडे नव्हते, तर ते तरुण रचनाकारांकडे होते. रीस चॅटम पहिले संगीत-संचालक झाले तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. त्यांच्यानंतर चेलोवादक आर्थर रसेल, गॅरेट लिस्ट, पुन्हा चॅटम आणि १९८० ते १९८२ या काळात ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस यांनी ही जबाबदारी सांभाळली. काही वर्षांनी संचालक बदलायचा आणि त्याच्यासोबत जागेचा कानही बदलायचा, ही पद्धत या संस्थेची खरी शक्ती होती.

रसेल यांनी कॅलिफोर्नियात अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात उत्तर हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतले होते. त्यांनी १९७५ साली ‘द मॉडर्न लव्हर्स’ या रॉक संगीतसमूहाला द किचनमध्ये आमंत्रित केले. नवसंगीताच्या जागेत तीन-चार सुरावटींवर उभी राहणारी लोकप्रिय गाणी कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडला असल्यास नवल नाही. परंतु रसेल यांची भूमिका सुसंगत होती. पुनरावृत्ती आणि साधेपणा हे जर नवसंगीताचे गुण असतील, तर ते रॉकमध्ये आढळल्यावर दोष कसे ठरतात? चॅटम यांच्या ‘गिटार ट्रायो’ (१९७७) या रचनेत या प्रश्नाचे सांगीतिक उत्तर मिळते. तिच्यात विद्युत्-गिटारच्या तारेवर एकाच स्वराची सलग पुनरावृत्ती होते आणि त्यातून उपस्वरांचा मोठा पट उभा राहतो. तिचा कर्कशपणा रॉकचा आहे, पण तिची श्रवणदृष्टी यंग यांच्याकडून आलेली आहे.

संवाद, परिसंवाद आणि समीक्षेची भूमिका

जून १९७९ मध्ये द किचनने ‘न्यू म्युझिक, न्यूयॉर्क’ हा नऊ दिवसांचा महोत्सव भरवला. फिलिप ग्लास, स्टीव्ह राइश, मेरेडिथ मंक, पॉलिन ऑलिव्हेरॉस, जॉर्ज लुईस, फिल निब्लॉक अशा अनेक रचनाकारांनी त्यात आपापल्या रचना सादर केल्या. या महोत्सवाला जोडूनच संगीतसमीक्षकांसाठी अभ्याससत्र घेण्यात आले, ही बाब अध्यापकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. नव्या संगीताला नवी परिभाषा लागते आणि ती परिभाषा घडवणे हेही कलावकाशाचे काम आहे, याची जाण आयोजकांना होती.

ही परिभाषा घडवण्यात टॉम जॉन्सन यांचा वाटा मोठा आहे. स्वतः रचनाकार असलेल्या जॉन्सन यांनी १९७२ ते १९८२ या काळात ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात लेखन केले. त्यांच्या लेखनात निर्णय कमी आणि वर्णन अधिक आढळते. कोण कुठे बसले होते, कोणता आवाज किती वेळ टिकला, श्रोते कसे ऐकत होते, हे ते नेमकेपणाने नोंदवतात. आपल्याकडे ‘वर्णनात्मक’ हा शब्द समीक्षेच्या संदर्भात बहुधा दूषण म्हणून वापरला जातो. पण ज्या संगीताचे निकष अद्याप निश्चित झालेले नाहीत, त्याविषयी प्रथम नेमके वर्णन करणे हीच समीक्षकाची प्रामाणिक भूमिका ठरते.

महोत्सवातील ऑलिव्हेरॉस यांची ‘ट्युनिंग मेडिटेशन’ ही रचना या जागेचे तत्त्व सर्वांत सुस्पष्टपणे मांडते. तिला स्वरलेखनाची गरज नाही, सूचनाच पुरेशा आहेत. श्वास घ्यावा आणि मनात ऐकू आलेला एक स्वर उच्छ्वासासोबत गावा. पुढील श्वासात दुसऱ्या कोणाच्या तरी स्वराशी आपला स्वर जुळवावा. त्यानंतर कोणीच गात नसलेला एक नवा स्वर द्यावा. गाता येण्यापेक्षा ऐकता येणे येथे अधिक आवश्यक असते. शेजाऱ्याचा स्वर ऐकल्याखेरीज आपला स्वर जुळवता येत नाही आणि सर्वांचे ऐकल्याखेरीज नवा स्वर शोधता येत नाही. श्रोता आणि गायक यांतील भेद नाहीसा करणारी ही रचना म्हणजे एका अर्थाने कलावकाशाची संहिताच आहे.

कोणाला जागा मिळाली?

येथवरच्या विवेचनातून गौरवाचे चित्र उभे राहते. परंतु समीक्षेला येथे थांबता येणार नाही. १९७०च्या दशकात द किचनपासून जवळच, बाँड स्ट्रीटवरील ‘स्टुडिओ रिव्हबी’सारख्या माळ्यांवर आफ्रिकी-अमेरिकी वादक स्वतःच्या जागा उभारून तितकेच प्रयोगशील संगीत सादर करत होते. तरीही त्यांच्या संगीताला ‘जॅझ’ आणि द किचनमधील संगीताला ‘नवसंगीत’ म्हटले गेले. १९७९च्या महोत्सवात कृष्णवर्णीय रचनाकार मोजकेच होते. हा भेद केवळ शैलीचा नव्हता. अनुदान, प्रसिद्धी आणि समीक्षेची दखल यांचे वाटप या नावांनुसार होत असे. जॉर्ज लुईस यांनी ‘अ पॉवर स्ट्राँगर दॅन इटसेल्फ’ (२००८) या ग्रंथात या विभागणीची सविस्तर चिकित्सा केली आहे. संगीत-संचालक या नात्याने त्यांनी द किचनचे दार उत्स्फूर्त वादनाच्या परंपरेसाठी अधिक रुंद केले. तथापि एका व्यक्तीच्या दोन-तीन वर्षांच्या कार्यकाळावर जागेचा न्याय अवलंबून असावा, हीच मुळात संस्थेची मर्यादा होय.

या मर्यादेची तीव्रता ज्युलियस ईस्टमन यांच्या बाबतीत जाणवते. रचनाकार, पियानोवादक आणि गायक असलेले ईस्टमन (१९४०–१९९०) हे कृष्णवर्णीय होते आणि आपली समलैंगिकता त्यांनी कधी लपवली नाही. ‘द होली प्रेझेन्स ऑफ जोन द’आर्क’ ही त्यांची दहा चेलोंसाठीची रचना १९८१ साली द किचनमध्ये सादर झाली. दहा चेलो एकच आग्रही लयाकृती पकडतात आणि तिच्यावर दीर्घ, वेदनामय सुरावटी तरंगत राहतात. नवसंगीतातील पुनरावृत्ती पुष्कळदा थंड आणि अलिप्त भासते. ईस्टमन यांच्या रचनेत तीच पुनरावृत्ती आर्त आवाहन बनते.

त्यानंतर काही काळाने ईस्टमन यांना राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले. त्यांची हस्तलिखिते त्यात हरवली. मे १९९० मध्ये ते बफलो येथे निधन पावले, तेव्हा वृत्तपत्रांनी दखल घेतली नाही. काइल गॅन यांनी लिहिलेला मृत्युलेख ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये सुमारे आठ महिन्यांनंतर आला. ज्या शहराने या संगीताला व्यासपीठ दिले, त्याला रचनाकार हरवल्याचे इतक्या उशिरा कळावे, ही गोष्ट प्रयोगशील कलेच्या सर्व इतिहासकारांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. मंच मिळणे आणि आधार मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. द किचनने ईस्टमन यांना पहिली गोष्ट दिली. दुसरी देण्याची व्यवस्था तेथे नव्हती आणि बहुतेक कलावकाशांत ती नसते.

ध्वनिफीत आणि स्मृती

तरीही ‘जोन द’आर्क’ ही रचना आज ऐकता येते, कारण तिचे ध्वनिमुद्रण झाले होते. रचनाकार मेरी जेन लीच यांनी १९९८ पासून ईस्टमन यांच्या विखुरलेल्या ध्वनिफिती आणि कागद शोधण्याचे काम हाती घेतले. त्यातून २००५ साली ‘अनजस्ट मॅलेज’ हा तीन तबकड्यांचा संच प्रकाशित झाला. पुढे चेलोवादक क्लॅरिस जेन्सन यांनी ध्वनिमुद्रण ऐकून ‘जोन द’आर्क’चे स्वरलेखन पुन्हा सिद्ध केले आणि ती रचना पुन्हा वाजू लागली. २०१८च्या जानेवारीत द किचनने ईस्टमन यांच्यावर प्रदर्शन आणि मैफली असा संयुक्त उपक्रम योजला.

या घटनाक्रमातून एक सैद्धांतिक मुद्दा पुढे येतो. पाश्चात्त्य संगीतात स्वरलेखन मूळ आणि सादरीकरण त्याचे प्रकट रूप, अशी श्रेणी मानली जाते. येथे ही श्रेणी उलटली. सादरीकरण उरले आणि लेखन त्यातून पुन्हा घडवावे लागले. ज्या परंपरेत गुरुमुखातून विद्या येते, त्या परंपरेतील वाचकाला यात अद्‌भुत काही वाटणार नाही. परंतु गुरू-शिष्याची साखळी नसलेल्या ठिकाणी ध्वनिफीत हीच साखळी ठरते. म्हणूनच २००४ साली महोत्सवातील निवडक ध्वनिमुद्रणांचे झालेले प्रकाशन किंवा २०१४ साली लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेने द किचनचा संग्रह स्वीकारणे, या घटना केवळ प्रशासकीय स्वरूपाच्या नाहीत. कोणती कला पुन्हा ऐकली जाईल, हे त्यांवरून ठरते.

मराठी संदर्भ

द किचनचा इतिहास वाचताना मराठी वाचकाला दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे १९७४ पासून ‘आविष्कार’ने समांतर रंगभूमीला हक्काचा मंच दिला. कलेसाठी न बांधलेली जागा, मोजका प्रेक्षक, इतर संस्थांच्या प्रयोगांना मुक्तद्वार आणि चुकण्याची मुभा ही लक्षणे दोन्हीकडे दिसतात. साम्य येथे संपते, कारण छबिलदास मुख्यतः नाटकाचे होते आणि त्याला अमेरिकेतील अनुदानासारखा आधार नव्हता. छबिलदासविषयी आपल्याकडे प्रामुख्याने आठवणी लिहिल्या गेल्या. आठवणी मौल्यवान असतात. पण त्या ज्यांना लिहिण्याची संधी मिळाली त्यांच्या असतात. ज्यांचा एकच प्रयोग झाला आणि जे पुढे कोठे दिसले नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न आठवणींच्या साहित्याला विचारता येत नाही. तो संग्रहालाच विचारावा लागतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून कलावकाशाच्या मूल्यमापनाचे तीन निकष मांडता येतील. पहिला निकष श्रवणाचा : त्या जागेने पाहण्या-ऐकण्याची नवी सवय घडवली काय? द किचनच्या बाबतीत याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसरा निकष प्रवेशाचा : कोणाला जागा मिळाली आणि कोणत्या नावाने? येथे द किचनचे यश अपुरे आहे आणि ते संचालकाच्या व्यक्तिगत दृष्टीवर अवलंबून राहिले. तिसरा निकष जतनाचा : सादरीकरण संपल्यावर काय उरले? येथे या संस्थेने आपल्या पहिल्या उणिवेची काही अंशी भरपाई केली. जिवंतपणी ज्याला ती सावरू शकली नाही, त्याचा आवाज ध्वनिफितीमुळे उरला.

हे निकष दूरच्या संस्थांपुरते मर्यादित नाहीत. आपल्या महाविद्यालयांतही प्रदर्शने भरतात, व्याख्याने होतात, मैफली रंगतात. त्यांचे अहवाल मूल्यांकनासाठी काटेकोरपणे लिहिले जातात. त्यांत दिनांक, प्रमुख पाहुण्यांचे नाव आणि उपस्थितांची संख्या असते. कोणता राग गायला गेला, विद्यार्थ्याने कोणती नवी चाल बांधली, चर्चेत कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, याची नोंद त्यांत क्वचितच आढळते. एक साधे ध्वनिमुद्रण, त्यावर कलावंताचे नाव आणि तारीख, आणि ते ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था, एवढे करण्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. अहवालासाठी आपण उपस्थितांची डोकी मोजतोच, त्याच वेळी ध्वनिमुद्रकाची कळही दाबता येईल.